मढं जिन्यात अडकतं तेव्हा

प्रश्न ठाण्याच्या एका शिक्षिकेचा आहे. थोडक्यात असा: रविवारी दुपारी घरचे सगळे सिनेमा बघत बसले होते. पडद्यावर दोन भुरटे चोर एक प्रेत गाडीच्या डिकीत कोंबत होते, प्रेताचा एक पाय काही केल्या आत जाईना, आणि ही खो-खो हसत सुटली. सासूबाईंनी हातातलं निवडणं बाजूला ठेवून विचारलं, "माणूस मेलाय आणि तुला हसू कसलं येतंय गं?" हिला उत्तर सुचलं नाही. आता तिला जाणून घ्यायचंय की आपल्यात काही बिघडलंय का, असल्या सिनेमांत लोकांना नेमकं काय आवडतं, आणि तिचा धाकटा भाऊ असाच एक सिनेमा लिहायला बसलाय, त्याला काय सांगायचं.

ताई, बिघडलंच असेल तर तुमच्यापेक्षा माझं जास्त बिघडलंय. मी संकलक आहे. अंधेरी-वर्सोव्याच्या बिनखिडकीच्या खोल्यांमध्ये बसून सत्तावीस वर्षं दुसऱ्यांनी शूट केलेलं कापते आणि जोडते. त्यातली बरीच वर्षं गुन्ह्याच्या गोष्टींवर गेली. एखादं प्रेत किती फ्रेम दिसलं की हसू येतं आणि किती फ्रेमनंतर पोटात ढवळतं, याचा हिशेब करून मी घर चालवलंय. तेव्हा उत्तर जरा लांबेल.

पण सुरुवात सिनेमापासून नको, आमच्या चाळीपासून करते.

गिरगावात आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. लाकडी जिना, प्रत्येक मजल्याला एक काटकोनी वळण, आणि वळणावर दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला चिकटायचं. जुलैचा महिना होता. शेजारचे नाना गेले. एरवी तिरडी खाली चौकात बांधायची पद्धत, पण त्या दिवशी खाली गुडघाभर पाणी. म्हणून वर गॅलरीतच बांधली, आणि बांधून झाल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं की ही वळणावरून उतरणार कशी? दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती अडकली. पुढचे म्हणतात मागे घ्या, मागचे म्हणतात तिरकी करा, एक जण कठड्यावर चढलेला. नानांचा मुलगा विस्तवाचं मडकं हातात धरून खालच्या पायरीवर उभा, आणि त्याच्या डोक्यावर नाही, मडक्यावर कुणीतरी छत्री धरलेली. आम्ही बायका गॅलरीच्या कठड्याला. तेवढ्यात नानांची बायको, आमच्या काकू, रडता रडता बोलून गेल्या, "कपाट चढवलं तेव्हा हेच ओरडत होते, आडवं नको, उभं करा, उभं करा म्हणून."

जिन्यात कुणीतरी नाकातून फुस्स केलं. मग दुसऱ्याने. मग अख्खा जिना हसायला लागला, काकूसुद्धा हसल्या, आणि हसता हसता इतक्या हमसून रडल्या की त्याआधीचं त्यांचं रडणं काहीच नव्हतं. शेवटी सुतळीचे दोन वेढे जास्त देऊन नानांना उभं करूनच खाली उतरवलं.

तेव्हा मी तेरा-चौदा वर्षांची असेन. पुढे या धंद्यात जे शिकले ते त्या जिन्यात जे बघितलं त्यापलीकडे फार गेलेलं नाही. नानांच्या मरणाला कुणीही हसलं नव्हतं. आम्ही हसलो जिन्याला. मरण एवढं मोठं, आणि जिना अडीच फुटांचा. या दोन मापांचा मेळ बसत नाही आणि तरी काम तर उरकायचं असतं. तुमच्या डिकीतला तो पाय म्हणजे आमच्या जिन्याचं वळण.

पुस्तकवाल्यांनी याची बरीच चिरफाड केलेली आहे. बर्गसाँ नावाच्या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९०० साली हास्यावर एक पुस्तक लिहिलं. हसायचं तर हृदयाला क्षणभर भूल द्यावी लागते, असं त्याचं म्हणणं. मानसशास्त्रज्ञ फ्रॉइडने १९२७ च्या एका निबंधात फाशीच्या कैद्याचं उदाहरण दिलंय. सोमवारी सकाळी त्याला वधस्तंभाकडे नेतात तर तो म्हणतो, आठवड्याची सुरुवात तर छान झाली. आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्रात शृंगारातून हास्य उपजतं आणि बीभत्सातून भयानक, अशी सोय लावलेली आहे. पुढच्या शास्त्रकारांनी तर हास्य आणि करुण यांना एकमेकांचे वैरीच ठरवलं. शास्त्र ठीक आहे, पण नाटक लिहिणाऱ्यांनी ते किती मनावर घेतलं?

शूद्रकाचं 'मृच्छकटिक' घ्या. आपल्याकडे गोविंद बल्लाळ देवलांनी ते संगीत रंगभूमीवर आणलं, त्यामुळे तुमच्या सासूबाईंच्या पिढीला नवीन नसावं. त्यात शर्विलक नावाचा चोर आहे, जातीने ब्राह्मण. रात्री चारुदत्ताच्या घराला भोक पाडायला येतो आणि उभा राहून विचार करतो, भोक कुठल्या आकाराचं पाडू? उमललेल्या कमळासारखं, चंद्रकोरीसारखं, की पूर्ण कुंभासारखं? मापाची दोरी घरी विसरलाय. मग जानवं काढतो आणि त्याने मोजतो, आणि वर जानव्याचे फायदे सांगतो: भिंत मोजायला उपयोगी, कडी काढायला उपयोगी, दागिने सोडवायला उपयोगी, साप चावला तर बोटाला आवळायला उपयोगी. आणि साप खरोखर चावतो! सकाळी घरमालक चारुदत्त उठतो, ते भगदाड बघतो आणि आधी कारागिरीचं कौतुक करतो. त्याची चिंता वेगळीच आहे: एवढी मेहनत करून बिचाऱ्याला माझ्या घरात काही मिळालं की नाही?

याच नाटकात शकार आहे. राजाचा मेहुणा, बावळट, रामायण-महाभारताची खिचडी करून बोलणारा. रामाला घाबरून द्रौपदी पळाली तशी तू का पळतेस, असं नायिका वसंतसेनेला विचारणारा. त्याला आपण पहिल्या अंकापासून हसत असतो. आणि तोच हसण्यासारखा माणूस पुढे बागेत वसंतसेनेचा गळा आवळतो आणि आळ चारुदत्तावर टाकतो. ती वाचते ही गोष्ट निराळी. पण तो गळा आवळतो तेव्हा आपलं आधीचं हसू आपल्याच घशात अडकतं. ज्याला खुळा समजून सोडून दिलं, तो धोकादायक होता. माझ्या मते गुन्ह्याच्या काळ्या विनोदाचं, म्हणजे मरणा-खुनावर हसवणाऱ्या विनोदाचं, अर्धं बळ इथे आहे. मूर्ख माणसाच्या हातात सत्ता किंवा सुरा आला की तो विनोदी राहत नाही, हे अशा गोष्टी आपल्याला हसवत हसवत दाखवतात.

आता उडी मारून १९८३ मध्ये येते. कुंदन शाहांचा 'जाने भी दो यारों'. एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाच्या तुटपुंज्या पैशांत बनलेला, मुंबईतला सिनेमा. दोन भोळे फोटोग्राफर, एक बिल्डर, त्याचा प्रतिस्पर्धी, पालिकेचा भ्रष्ट आयुक्त डिमेलो आणि त्या डिमेलोचं प्रेत. डिमेलो मेल्यानंतर सतीश शाहांनी जे काम केलंय ते भल्याभल्यांना जिवंतपणी जमत नाही. त्या प्रेताच्या मागे सगळे धावतात. दारू प्यायलेला एक बिल्डर शवपेटीला बंद पडलेली गाडी समजून आतल्या माणसाला मदत करायला जातो. शेवटी ते प्रेत नाटकाच्या रंगमंचावर द्रौपदी होऊन उभं राहतं, आणि महाभारतात सलीम-अकबर घुसतात. शकाराची खिचडी दीड-दोन हजार वर्षं फिरून परत आली असं मला दर वेळी वाटतं. हे जाणूनबुजून केलेलं नसेलही.

त्याचं संकलन रेणू सलुजांचं. आमच्या पिढीतल्या ज्या मुली कटिंगच्या टेबलावर बसल्या त्या सगळ्यांसाठी त्या थोरल्या बहिणीसारख्या होत्या, भेट झालेली असो वा नसो. त्या महाभारताच्या प्रसंगात एकही पात्र गंमत म्हणून काही करत नाही, हे कधी आवाज बंद करून बघा. ज्याला प्रेत हवंय त्याला ते खरोखर हवंय, ज्याला द्रौपदी वाचवायचीय तो जिवाच्या आकांताने वाचवतोय. संकलकाने कुणालाही "बघा, गंमत चाललीय" असं म्हणू दिलेलं नाही.

इथे मी जरा माझ्या कामाचं सांगते, कारण आवडतं काय याचं उत्तर मला पुस्तकांपेक्षा टाइमलाइनवर, म्हणजे शॉट जोडायच्या पट्टीवर, जास्त सापडलं.

काही वर्षांपूर्वी एका सिनेमावर काम करत होते. नाव सांगत नाही, तो धड चाललाही नाही. त्यात दोन भाऊ एका मढ्याला कापसाच्या गादीत गुंडाळून सोसायटीच्या लिफ्टमधून खाली नेतात. जुनी लिफ्ट, जाळीच्या दरवाजाची. आत पाटी: "लिफ्टमधून सामान नेऊ नये." मधल्या मजल्यावर एक आजोबा चढतात, पाटी वाचतात, गादीकडे बघतात, परत पाटी वाचतात. कागदावर हा प्रसंग वाचून सगळे हसले होते. कापून जोडल्यावर कुणीही हसेना. आठवडाभर आम्ही तेच ते घोळवत होतो. आधी मी आजोबांच्या चेहऱ्यावर क्लोजअप लावला, मग भावांचा घामेजलेला क्लोजअप, मग पाटी. टाप-टाप-टाप. मेलेलं ते मेलेलंच.

दोन चुका होत्या. एक माझी. क्लोजअपमध्ये आपण माणसाच्या भीतीत शिरतो. तिथे भूल उतरते. मी सगळे क्लोज काढून टाकले आणि एकच लांबचा शॉट ठेवला: लिफ्टचा चौकोन, त्यात तीन माणसं आणि मधोमध उभी गादी. त्या चौकोनात कुणी कुणाकडे बघत नाही. आजोबा नजर वळवतात त्याच्यानंतर मी जवळजवळ दोन सेकंद काहीच केलं नाही. आमच्या भाषेत पन्नासेक फ्रेम, सेकंदाला चोवीसच्या हिशेबाने. आणि मग लिफ्टचा तो बायकी आवाज: "कृपया दरवाजा बंद कीजिए." पहिल्या खेळाला थिएटर तिथे फुटलं.

दुसरी चूक निर्मात्याच्या माणसांची. गादीत फोम भरला होता. दोन्ही नट ती उचलून चालत होते जसं काही लग्नाच्या हॉलमध्ये उशा पोहोचवायच्यात. प्रेताला वजन नाही तर सिनेमाला वजन नाही. मी हट्टाने दोन शॉट परत घ्यायला लावले, गादीत वाळूची पोती भरून. मग त्यांच्या मानेच्या शिरा दिसल्या, पायऱ्यांवर दम लागला, एकाची चप्पल निसटली. हे अभिनयाने येत नाही, पोत्याने येतं. शूटिंग लांबलं म्हणून एका बड्या माणसाने मला ऐकवलंही, पण जाऊ दे.

आणखी एक लढाई संगीताची. ही मी बहुतेक वेळा हरते. मढं उचललं की मागे टुंग-टुंग-टुंग अशी खोडकर तार वाजवायची आपल्याकडे फार हौस. प्रेक्षकांना कळावं ना, की हसायचंय! अहो, ज्याला सांगावं लागतं तो हसत नाही आणि ज्याला कळलंय त्याचा अपमान होतो. माझ्या मते अशा प्रसंगाला संगीत नकोच. फ्रिजची घरघर हवी, शेजारच्या कुकरची शिट्टी हवी, खालून भंगारवाल्याची आरोळी हवी. किंवा मग संगीत द्यायचंच तर पूर्ण गंभीर द्या. कोएन बंधू या अमेरिकन दिग्दर्शकांच्या १९९६ च्या 'फार्गो'मध्ये संगीतकार कार्टर बरवेलने एका नॉर्वेजियन लोकगीताची भक्तिपर चाल घेतली आणि ती अशी भव्य वाजवली की जणू महाकाव्य सुरू होतंय. पडद्यावर काय, तर बर्फाळ रस्त्यावर एक गाडी ओढत नेणारा गाड्यांचा सेल्समन, ज्याने स्वतःच्या बायकोचं अपहरण करण्याची सुपारी दिलेली आहे. संगीत त्याला हसत नाही. म्हणून आपण हसू शकतो, आणि म्हणून आपल्याला वाईटही वाटतं.

'फार्गो'वर थोडी थांबते, कारण तुमच्या सासूबाईंचा मुद्दा तिथे आहे.

त्या सिनेमात तुमच्या डिकीतल्या पायाचा थोरला भाऊ आहे. लाकडाचा भुगा करणारं यंत्र आणि त्यातून बाहेर राहिलेला पायमोजा घातलेला पाय. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा हसले आणि लगेच लाज वाटली. पण माझा आवडता प्रसंग तो नाही. त्या सेल्समनचा एक व्यवहार फिसकटतो, तो बाहेर येतो, गाडीच्या काचेवर बर्फ साचलेलं. तो ते खरवडायला लागतो. मग एकदम संताप येतो, हातपाय आपटतो, खरवडणी फेकतो. मग काय करणार? काच तर साफ करायला हवी. खरवडणी उचलतो आणि पुन्हा खरवडायला लागतो. खून नाही, रक्त नाही, एक शब्द नाही. पण गुन्हेगार कशा मातीचा असतो हे मला त्या शॉटने जितकं सांगितलं तितकं दहा गँगवॉरच्या सिनेमांनी सांगितलं नसेल. तो राक्षस नाही. तो हिशेब चुकलेला, लोचट, घाबरट संसारी माणूस आहे. आपल्याच ऑफिसात भेटेल असा.

आणि मग पोलीसप्रमुख मार्ज. सात महिन्यांची गरोदर, सारखी भूक लागणारी, नवऱ्याशी मायेने बोलणारी. फ्रान्सिस मॅकडॉरमंडला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. शेवटी पकडलेल्या खुन्याला गाडीत मागे बसवून ती नेत असते आणि त्याला म्हणते ते साधारण असं, की हे सगळं थोड्या पैशांसाठी? आणि दिवस बघ किती सुंदर आहे. मला हे समजतच नाही, असं ती म्हणते. अक्कल शिकवत नाही. तिला खरंच समजत नाही.

ताई, ही मार्ज म्हणजे तुमच्या सासूबाई. "माणूस मेलाय आणि तुला हसू कसलं येतंय" हा प्रश्न चांगल्या काळ्या विनोदी सिनेमात कुणीतरी विचारावाच लागतो. कधी ते पात्र विचारतं, कधी शेवट विचारतो. तोवर आपल्याला हसू द्यायचं, आणि मग बिल टेबलावर ठेवायचं. ज्या सिनेमात बिल येतच नाही तो मला थोड्या वेळाने किळसवाणा वाटायला लागतो, कितीही हुशारीने रचलेला असला तरी. 'जाने भी दो यारों'मध्ये सासूबाई नाहीत, शहरात शहाणं म्हणावं असं कुणी उरलेलंच नाही. म्हणून तिथे शेवटाला ते काम करावं लागलं. पूल कोसळल्याचं खापर त्या दोन भोळ्या पोरांवर फुटतं, ते कैद्यांच्या कपड्यांत रस्त्यावरून चालत येतात, मागे 'हम होंगे कामयाब', आणि कॅमेऱ्याकडे बघून गळ्यावरून बोट फिरवतात. सिनेमाला चाळीस वर्षं उलटून गेली, आता रहस्य फोडल्याचा आळ घेऊ नका.

(संकलकांच्या कट्ट्यावरची एक गंमत सांगायची राहिली. 'फार्गो'च्या संकलनासाठी रॉडरिक जेन्स या गृहस्थांना ऑस्करचं नामांकन मिळालं होतं. हे गृहस्थ अस्तित्वातच नाहीत. कोएन बंधूंनी स्वतःच्या संकलनाला दिलेलं ते टोपणनाव आहे. आणि सिनेमाच्या सुरुवातीला ही सत्यकथा आहे अशी पाटी येते, तीही थाप. एवढी हौस!)

मग लोकांना आवडतं काय? माझं उत्तर असं की आपल्याला पकडलं जायला आवडतं. डिकीचं झाकण बंद होईना तेव्हा तुमच्या मनात काय चाललं होतं ते आठवा. "अरे गुडघ्यात मुडपा ना!" असंच ना? म्हणजे क्षणभर तुम्ही त्या दोन चोरांच्या बाजूने विचार करत होतात. मेला कोण, मारला कुणी, हे विसरून सामान बसवण्याच्या कामाला लागला होतात. आपण सगळे संसारी माणसं, गाडीत सामान बसवणं हा आपला प्रांत. सिनेमाने तुमच्या त्या सवयीचा फायदा घेतला आणि तुम्हाला गुन्ह्यात हात लावायला लावला. हसू फुटलं ते या शोधाचं. टॅरंटिनोच्या १९९४ च्या 'पल्प फिक्शन'मध्ये गाडीत चुकून गोळी सुटते आणि मागे बसलेला पोरगा मरतो. त्यानंतरची सगळी धांदल कशाची? मित्राची बायको रात्रपाळी करून घरी यायच्या आत साफसफाई व्हायला हवी याची. टॉवेलला रक्त लागलं म्हणून भांडण होतं. लग्नात काका-काकूंनी दिलेल्या चादरी वापरायच्या की नाही यावर घासाघीस होते. चादरीचं दुःख आपल्याला कळतं, आणि पोरगा विसरला जातो. तो विसरला गेला हे नंतर लक्षात येतं, किंवा येतही नाही.

श्रीराम राघवनांचा २०१८ चा 'अंधाधुन' तर याच गोष्टीचा सापळा आहे. पुण्यात घडतो. आंधळ्याचं सोंग घेतलेला पियानोवादक वाजवत बसलाय आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्याच घरात एका प्रेताची विल्हेवाट लावली जातेय. तो थांबू शकत नाही, कारण थांबला तर त्याला दिसतं हे उघड होईल. संवाद जवळजवळ नाहीत, पियानो चालू. पूजा लढा सुरतींनी तो सिनेमा कापलाय आणि लिहिण्यातही त्यांचा हात आहे, आणि ते जाणवतं: कधी त्याची बोटं, कधी त्याचे न हलणारे डोळे, कधी मागे ओढलं जाणारं ते प्रेत. अंधारात बसून सगळं बघायचं आणि चुळबुळ न करता गप्प राहायचं. आता सांगा, ते कोण करत असतं? आपण.

मराठी माणसाला हे परकं नाही, नुसतं नाव परकं आहे. अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' १९६२ मध्ये आलं. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे, ज्याने वेगवेगळी नावं घेऊन बायका फसवल्या. प्रभाकर पणशीकर फिरत्या रंगमंचावर एकामागून एक वेषांत येत. खटला चाललाय, फसलेल्या बायका साक्षीला उभ्या राहून रडताहेत, आणि प्रेक्षागृह लखोबाच्या हजरजबाबीपणाला टाळ्या देतंय. माझ्या आईने ते शिवाजी मंदिरला पाहिलं होतं. ती सांगायची, घरी येताना दादरच्या पुलावर तिला एकदम वाटलं, अगं, आपण त्या बायकांना सोडून त्याच्या बाजूने हसत होतो! आणि तरी पुढच्या प्रयोगाला मावशीला घेऊन गेलीच. मुलांच्या पातळीवर 'झपाटलेला'तला तात्या विंचू तेच करून गेला. कुख्यात गुन्हेगाराचा आत्मा बाहुल्यात. नव्वदच्या दशकातली पोरं त्या बाहुल्याला हसली आणि रात्री कपाटाकडे पाठ करून झोपली नाहीत.

आता भावाचं.

त्याला पहिली गोष्ट विचारा, तुझ्या गोष्टीत मढं ठेवायचं कुठे? चेष्टा नाही करत. अमेरिकन सिनेमात जंगल असतं, गॅरेज असतं, मैलोन्मैल मोकळा रस्ता असतो. मुंबईत दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं. आज तुमच्याकडे बोंबील तळलेत हे तीन बिऱ्हाडांना कळतं, तिथे मढं कसं लपवणार? वॉचमनच्या वहीत नोंद आहे, पार्सल आणणारा पोरगा दारात उभा आहे, गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे आहे आणि सेक्रेटरी मेंटेनन्स थकलाय म्हणून ती देत नाही. या शहरात गुन्हा करायला एकांत मिळत नाही. आपला काळा विनोद तिथून यायला हवा. बहुतेक नवे लेखक परदेशी सिनेमे बघून सूटकेस, पिस्तूल आणि सूट घातलेले दोन गप्पिष्ट गुंड घेऊन येतात. मग कितीही शिव्या घाला, ते गुंड ना घाटकोपरचे वाटतात ना कुठले.

दुसरं, संवादात कोट्या नकोत. सिनेमातल्या एकाही माणसाला आपण विनोदी सिनेमात आहोत याचा पत्ता लागता कामा नये. वाचताना जिथे त्याला स्वतःलाच खूप हसू येतं त्या ओळी आधी खोडायला सांगा. एडिटमध्ये मी त्या तशाही उडवतेच.

मेलेला माणूस कोण होता हे त्याने लिहून ठेवावं, सिनेमात ते येवो न येवो. त्याला चहात साखर किती लागायची, कुणाचे पैसे द्यायचे होते. नाना नुसते मढं असते तर आमचा जिना हसला नसता. त्यांनी कपाट चढवलं होतं म्हणून हसला.

आणि कुणाचं मढं, यावर त्याने रात्रभर विचार करावा. बिल्डरचं, लाचखाऊ आयुक्ताचं, लोभी जावयाचं मढं चालतं. जो आधीच दबलेला आहे, ज्याला मारणं सोपं आहे, त्याच्या मढ्यावर विनोद रचायचा असेल तर हात फार साफ हवा, आणि पहिल्या सिनेमात तो नसतो. ताज्या, खऱ्या खुनावर तर लिहूच नये. कुठे काही भयंकर घडलं की दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅपवर विनोद फिरायला लागतात. त्यात मला जिना दिसत नाही, नुसती गर्दी दिसते. काकूंनी स्वतः ते वाक्य बोलावं यात आणि खालच्या मजल्यावरच्या कुणीतरी बोलावं यात फरक आहे.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नका, कारण त्यांचा प्रश्न बरोबर आहे. त्यांनी लखोबा पाहिलाय का ते विचारा, पाहिला असेल तर कुठल्या वाक्याला हसल्या होत्या तेही विचारा. मग एखाद्या रविवारी त्यांना 'जाने भी दो यारों' दाखवा. महाभारताला त्या हसतील याची मी खात्री देते. फक्त द्रौपदीचा गोंधळ संपला की आता झालं म्हणून लोक चहा टाकायला उठतात. त्यांना उठू देऊ नका, चहा आधीच करून ठेवा.